सोळा आण्यांतलं दुखणं

"शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आता किती दुखतंय, आजी?"

बेळगावच्या एका मोठ्या रुग्णालयात, पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारातला त्रास कमी करणाऱ्या विभागाच्या ओपीडीत डॉक्टर मॅडमनी आईला विचारलं. आईनं माझ्याकडं बघितलं. ती विड्या वळायची, त्यांचा हिशेब तोंडी करायची. हजारीला मजुरी किती, छाटात, म्हणजे नापास होऊन, किती गेल्या, सगळं बोटांवर. पण दुखणं एक ते दहात कसं बसवायचं ते तिला उमगेना. मॅडम थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं, सोळा आण्यांत सांगा."

आई लगेच म्हणाली, "पंधरा आणे. एक आणा तेवढा ठेवलाय, रातच्याला लागतोय."

खोलीतलं कुणी हसलं नाही. मॅडमनी कागदावर '१५ आणे' असंच लिहिलं. पुढं साडेतीन महिने आईचं दुखणं आम्ही आण्यांतच मोजलं.

आमचं गाव निपाणीपासून सहा-सात किलोमीटरवर. आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, शेजारी दोऱ्याची रीळ. वडील लवकर गेले. विड्यांवरच दादाचं आणि माझं शिक्षण झालं, माझं लग्न झालं. मी बेळगावात शहापूरला राहते, एका पतसंस्थेत काम करते. गावाकडं दादा, वैनी आणि त्यांची दोन मुलं.

अंगावरून जायला लागलं तेव्हा आईनं चार महिने कुणाला सांगितलं नाही. शेवटी वैनीला सांगितलं, तेही धुणं धुताना. गर्भाशयमुखाचा कॅन्सर निघाला. पाच आठवडे रेडिएशनचा शेक झाला, सोबत दर आठवड्याला सलाईनमधून औषध. वर्षभर बरी होती, पुन्हा सुपाशी बसायला लागली. मग उजव्या पायात कळ सुरू झाली, कमरेपासून घोट्यापर्यंत. तपासण्या झाल्या. ज्या दवाखान्यात उपचार झाले तिथल्या डॉक्टरांनी फाईल बंद करून दादाला सांगितलं, "आता करण्यासारखं काही नाही. घरी न्या, सेवा करा."

सेवा म्हणजे काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. हातात दुखण्याच्या गोळ्यांची एक चिठ्ठी आणि पुढची तारीख नसलेला कागद. मला त्या डॉक्टरांचा राग पुष्कळ दिवस होता, आजही थोडा आहे. आजार बरा होणार नाही हे त्यांनी सांगितलं, ते बरोबरच होतं. पण 'करण्यासारखं काही नाही' हे खरं नव्हतं, आणि त्या एका वाक्यानं आमचे सात आठवडे खाल्ले.

त्या सात आठवड्यांबद्दल लिहायला जड जातं. आई रात्री झोपत नव्हती. पलंगाची पाटी धरून, पुढं वाकून बसायची. पाटीच्या लाकडावर तिच्या बोटांनी तेलकट काळे डाग पडले होते. गावातले डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन जायचे, दोन तास बरं वाटायचं. कुणी जडीबुटीवाल्याचा पत्ता दिला, तिथं अठरा हजार गेले. अंगावरून जाणाऱ्या पाण्याला वास यायचा. वैनी दिवसातून तीन वेळा ऊद घालायची, तरी दारात आलेल्या बायका पदर नाकाला लावायच्या. ते आईला दिसायचं. मग तिनंच सगळ्यांना आत यायला बंद केलं. दादा रात्री शेतातल्या खोपीत जाऊन झोपू लागला. पुढं एकदा तो मला म्हणाला, "तिचं कण्हणं ऐकवत नव्हतं गं. मी पळून जात होतो." माझ्या भावाला मी तेवढं एकदाच रडताना बघितलं.

पॅलिएटिव्ह हा शब्द मला आमच्या पतसंस्थेतल्या एका बाईंनी सांगितला. त्यांच्या सासऱ्यांना घशाचा कॅन्सर होता. हॉस्पिस हा शब्द मी आधी ऐकला होता, पण माझ्या डोक्यात त्याचा अर्थ एवढाच: जिथं माणसाला मरायला नेऊन ठेवतात ते. म्हणून मी आधी दादाला सांगितलंच नाही. नुसतं म्हटलं, दुखण्याचे वेगळे डॉक्टर आहेत, दाखवू.

तर त्या पंधरा आण्यांच्या दिवशी मॅडमनी मॉर्फिन सुरू केलं. दहा मिलिग्रॅमची गोळी, सुरुवातीला अर्धी. दादा घाबरला. मॉर्फिन म्हणजे अफू, आईला नशा लागेल, किंवा शेवट जवळ आला म्हणून देतायत, असं त्याला वाटलं. मॅडमनी त्याला खाली बसवून समजावलं. दुखणाऱ्या माणसाला मोजून-मापून, तोंडावाटे, वेळेवर दिलेलं मॉर्फिन म्हणजे व्यसन नव्हे. ते मरणाच्या वेळेशी बांधलेलं नाही, दुखण्याशी बांधलेलं आहे. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, दुखायला लागल्यावर द्यायचं नाही; दुखायच्या आधी, घड्याळावर द्यायचं. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मधे उठवायला नको. मधेच कळ आली तर एक जास्तीची. सोबत रोज पोट साफ होण्याची गोळी, कारण मॉर्फिननं हमखास खडा धरतो. ती विसरली तर पेशंट पोट दुखतंय म्हणून मॉर्फिनच सोडतो. पहिले चार दिवस मळमळेल, त्याचीही गोळी. पायातली कळ नसेची होती, तिच्यासाठी रात्रीची वेगळी गोळी.

ही गोळी कोपऱ्यावरच्या औषध दुकानात मिळत नाही, मान्यता असलेल्या संस्थेतच मिळते, मोजून आणि सही घेऊन. मागाहून मी याबद्दल वाचलं. १९८५च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानं परवान्यांची एवढी अडचण करून ठेवली की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवायचंच सोडून दिलं होतं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि एकाच परवान्यावर ते ठेवता येऊ लागलं. अफू आपल्याच देशात पिकते, नीमच-मंदसौरकडं, सरकारच्या परवानगीनं. आणि तीच गोळी मिळत नाही म्हणून आमच्यासारख्या घरांत माणसं पलंगाच्या पाट्या धरून बसतात. मला हे अजून पटत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वैनीचा फोन आला. मला वाटलं, संपलं. वैनी म्हणाली, "ताई, आत्या झोपल्यात. रात्री दहापासनं झोपल्यात. मी दोनदा नाकाजवळ हात धरून बघितला." आई साडेसातला उठली आणि तिनं चहा मागितला. किती आणे, विचारल्यावर म्हणाली, "सहा. पर सहा आणे म्हंजे काय दुखणं हाय व्हय?"

गोळ्यांचा हिशेब वैनीनं ठेवला. आठवी शिकलेली, पण तिच्यासारखं टिपण मी कुठल्या दवाखान्यात बघितलं नाही. आईचं कारखान्याचं विड्यांचं पासबुक होतं, मागची पानं कोरी राहिलेली. पुढच्या पानांवर कारखान्याच्या माणसानं मांडलेले पान, तंबाखू आणि विड्यांचे आकडे; मागच्या पानांवर वैनीच्या अक्षरात वेळ, गोळी, आणे, परसाकडं झालं की नाही. बेळगावला ते पासबुक बघून मॅडम म्हणाल्या, "ह्या बाईंना मी नोकरीवर घेते." वैनी कितीतरी दिवस ते वाक्य सगळ्यांना सांगत होती.

दुखणं आटोक्यात आलं, पण वास, जखम आणि अंथरूण हे आम्हाला जमत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, काही दिवस राहून हे सगळं शिकून घ्या. त्यांनी तीन ठिकाणं सांगितली. मुंबईत बांद्र्याला शांती आवेदना सदन, १९८६ सालचं, देशातलं पहिलं हॉस्पिस. बंगळूरला करुणाश्रय. आणि पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर, १९९७पासून चाललेलं. तिथं पेशंटसोबत घरचं माणूस राहतं, आणि पैसे घेत नाहीत. माझी मावसबहीण कोथरूडला असते, म्हणून पुणं ठरलं.

गावात बोलणं झालंच. "आईला आश्रमात टाकली." दादाला हे फार लागलं. निघायच्या आदल्या रात्री तो म्हणाला, नको, राहू दे. तेव्हा आईच म्हणाली, "मला वास मारतोय तेवढा घालवून आणा. मग कुठं बी मरतो."

कोगनोळीचा नाका, कागल, कोल्हापूर, कऱ्हाड, सातारा. व्हॅनच्या मागच्या सीटवर गादी टाकली होती. दहाची आणि दोनची गोळी वाटेतच दिली. खंबाटकी घाटात आई उठून बसली आणि काचेतून बाहेर बघत राहिली. जन्मात ती ज्योतिबाच्या आणि पंढरपूरच्या पुढं गेली नव्हती.

तिथं आम्ही अकरा दिवस होतो. वैनी आत, मी आणि दादा येऊन-जाऊन. दवाखान्यासारखी घाई तिथं मला दिसली नाही. तिथं जे शिकलो ते लिहून ठेवते, कुणाला उपयोगी पडेल. वास येतो तो जखमेतल्या जंतूंचा. मेट्रोनिडाझोल नावाची साधी, स्वस्त गोळी असते, ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणं पोटात घ्यायची आणि तिची पूड जखमेच्या जागी वापरायची. चार-पाच दिवसांत वास एवढा उतरला की वैनी म्हणाली, "आम्ही दोन महिने ऊद घालत बसलो." दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती ठेवायची नाही, टाचा टेकू द्यायच्या नाहीत. तोंड कोरडं पडतं, तर बोटाला ओला कापूस गुंडाळून दिवसातून चार-पाच वेळा पुसायचं. हे सगळं सिस्टर स्वतः करून दाखवायच्या, मग आमच्याकडून करून घ्यायच्या.

दादा पहिल्या दिवशी दाराजवळच उभा होता. मुलानं आईचं काय करायचं, हा संकोच. एका सिस्टरनी त्याला बोलावलं नाही की टोकलं नाही, नुसती तेलाची वाटी हातात दिली आणि म्हणाल्या, "पायाला लावा, टाचेपासून वर." त्यानं लावलं. चाळीस वर्षं मांडी घालून बसलेले पाय ते, घोट्यांवर घट्टे पडलेले. तो तेल लावत होता आणि आई डोळे मिटून पडली होती. आठव्या दिवशी तो एकटा आईची कूस बदलत होता, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, सिस्टरसारखंच "आता वळतोय हं" असं आधी सांगून. खोपीत झोपणं तिथंच संपलं.

आणखी एक गाठ तिथं सुटली. आईला कॅन्सर आहे हे आम्ही तिला कधी सांगितलं नव्हतं. 'गाठ होती, जाळली' एवढंच. येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही बजावून ठेवलेलं. समुपदेशक ताईंना मी पहिल्याच दिवशी म्हटलं, आईसमोर नाव काढू नका. त्या म्हणाल्या, "मी काहीच सांगणार नाही. मी फक्त त्यांना विचारणार." आणि आईजवळ बसून त्यांनी विचारलं, "आजी, तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं?"

आई म्हणाली, "शेक घ्यायला माझ्यासंगं चौघी हुत्या. तिघी गेल्या. मला कळत न्हाई व्हय? पोरांस्नी वाईट वाटंल म्हणून मी बोलत न्हाई."

आम्ही तिच्यापासून लपवत होतो आणि ती आमच्यापासून. दोन वर्षं एका घरात. मी तिच्या पलंगाशी खाली बसले, ती माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. त्या दिवशी संध्याकाळी आई जेवढं बोलली तेवढं आधी दोन वर्षांत बोलली नसेल. तिची कामं होती. पीएफला वारसदार म्हणून अजून वडिलांचंच नाव होतं, ते बदलायचं. गल्लीतल्या भिशीचे दोन हप्ते द्यायचे. आणि गळ्यातली बोरमाळ. ती म्हणाली, "बोरमाळ सुनंला. तुला राग यील?" मला राग आला नाही. तिची घाण जिनं काढली तिच्या गळ्यात ती माळ शोभते, हे मी तिला तोंडावर सांगितलं आणि तिला बरं वाटलेलं मला दिसलं. आम्ही लपवत राहिलो असतो तर हे काहीच झालं नसतं. ही कामं मागं राहिली असती, नाहीतर तेराव्यानंतर भांडणं झाली असती.

शेवटचं तिनं सांगितलं ते हे: "मला घरात मरायचंय. नळ्या नकोत."

दिवाळीच्या आधी आम्ही घरी आलो. येताना अंगण सारवलेलं होतं. शेजारच्या काकूंनी सारवलं होतं, त्याच काकू ज्या पदर नाकाला लावायच्या. त्या आत आल्या, पलंगाशी बसल्या आणि फराळाचं बोलू लागल्या. त्यानंतर रोज कुणीतरी येऊन बसायचं. दिवाळीत आईनं नातीकडून हाताला मेंदी लावून घेतली. अर्धी करंजी खाल्ली. कारखान्यातल्या तिच्या मैत्रिणी आल्या आणि तिच्या पलंगाभोवती सुपं घेऊनच बसल्या. एकीकडं गप्पा, एकीकडं हात चालू. दुपारभर घरात तंबाखूचा वास होता आणि आई उशीला टेकून, कुणाचं पान कसं कापलंय त्यावरून बोलत होती.

दर पंधरा दिवसांनी मी ओपीडीत जाऊन गोळ्या घ्यायची, शनिवारी गावाकडं घेऊन जायची. महिन्यातून एकदा बेळगावच्या टीममधल्या सिस्टर तवंदीचा घाट ओलांडून घरी यायच्या. त्या कन्नड. मला आधी काळजी होती, की आईचं शेवटचं दुखणंखुपणं परक्या भाषेत कसं निघेल. त्या दारातूनच म्हणाल्या, "अव्वा, हेंग अदीरी?" आणि आई म्हणाली, "आराम अदीनि." मी आईला एवढं कन्नड बोलताना कधी ऐकलं नव्हतं. कारखान्यात तिच्या शेजारी वीस वर्षं कन्नड बायका बसत होत्या, हे मी विसरले होते. सीमेवरून आमच्याकडं काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, मीही त्यात मराठीच्या बाजूनं बोलत आलेली आहे. पण त्या सिस्टरांचा हात आईच्या कपाळावर होता आणि दोघी 'नोवु', म्हणजे दुखणं, कुठं आहे ते कन्नडमध्ये बोलत होत्या. ते मला जवळचं वाटलं, एवढं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मार्गशीर्षात आईची लघवी कमी झाली. मूत्रपिंडावर दाब आला होता. अंगाला मधेच बारीक झटके यायचे, झोप वाढली. वैनीनं पासबुकात लिहिलं होतं: 'झटके, दिवसातून ५-६.' सिस्टरांना फोन केला. मॅडमनी सांगितलं, मूत्रपिंडं काम करीनात तेव्हा मॉर्फिन अंगात साठतं. गोळी कमी करा आणि आठ तासांनी द्या. दोन दिवसांत झटके थांबले आणि दुखणं काही वाढलं नाही. आमच्या आधीच्या सात आठवड्यांत असं काही झालं असतं तर आम्ही रात्री गाडी करून कुठल्यातरी आयसीयूत पळालो असतो, आणि आई तिथंच गेली असती, नळ्यांसकट.

पळायला सांगणारे होतेच. मामा आला आणि आई जेवत नाही म्हटल्यावर चिडला. "उपाशी मारताय काय? सलाईन तरी लावा." दादाची घालमेल झाली. मी मॅडमना फोन लावून मामाच्या हातात दिला. त्या त्याच्याशी वीस मिनिटं बोलल्या. माणूस जेवत नाही म्हणून जात नाही. शरीर मिटायला लागतं म्हणून भूक जाते. आता पाणी भरलं तर ते अंगावर सुजेत उतरेल, छातीत साठेल, श्वासाला त्रास होईल. मागतील तेव्हा चमचाभर द्या. मामानं फोन ठेवला, ताकातली आंबील चमच्यानं आईच्या ओठाला लावली. तिनं चाटली. मग तो बाहेर जाऊन कट्ट्यावर बसला, रात्री उशिरापर्यंत.

सिस्टरांनी आम्हाला पुढचं आधीच सांगून ठेवलं होतं, आणि ह्याचे उपकार मी सगळ्यांत जास्त मानते. पाय गार पडतील, गुडघ्यांवर निळसर डाग दिसतील. श्वास थांबेल आणि परत सुरू होईल. घशात घरघर होईल. ऐकणाऱ्याला भीती वाटते, पण त्यांना स्वतःला तेव्हा त्याचा त्रास नसतो, कुशीवर वळवा. कान शेवटपर्यंत ऐकतात असं धरून बोला. हे सगळं तसंच झालं, आणि माहीत होतं म्हणून कुणी घाबरलं नाही.

एक गोष्ट त्यांनी सांगितली होती, पण ती अशी होईल असं वाटलं नव्हतं. शेवटी हात चाळवतात, चादर चिमटतात. आईचे हात विड्या वळायला लागले. डोळे मिटलेले. डावा हात पान धरतोय, उजव्याची बोटं तंबाखू पसरतायत, मग दोन्ही अंगठे पुढं, वळण, तोंड दुमडून बंद, दोरा. ठेवली. पुढची. वैनीनं हात धरायला बघितलं. सिस्टर फोनवर म्हणाल्या, धरू नका, घाबऱ्या होतील, चालू देत. त्यांनी एक गोळी जिभेखाली ठेवायला सांगितली, बेचैनी कमी व्हायला. वैनीनं तिच्या मांडीवर एक मऊ जुनं लुगडं पसरलं, सुपासारखं. दीड दिवस आई विड्या वळत होती. हळूहळू वेग कमी झाला. मी मोजत बसले होते, काय करावं ते सुचत नव्हतं म्हणून. पंचवीस झाल्या की मनात विड्यांचा एक कट्टा, म्हणजे जुडी, बांधायचा.

संक्रांतीच्या चार दिवस आधी, पहाटे, ती गेली. दादाचा हात तिच्या खांद्याखाली होता. कूस बदलत होता. "आता वळतोय हं" म्हणाला, आणि तिनं श्वास सोडला, परत घेतला नाही. पलंगाच्या पाटीला तिनं साडेतीन महिन्यांत हात लावला नव्हता.

घरात मृत्यू झाला की कागदांचं कसं, ही धास्ती असते. मॅडमनी आजाराचं सविस्तर पत्र आधीच देऊन ठेवलं होतं, ते बघून गावातल्या डॉक्टरांनी दाखला दिला. एकवीस दिवसांच्या आत नोंद करायची असते, दादानं पाचव्या दिवशी केली. पीएफच्या अर्जावर वारसदाराचं नाव बरोबर होतं.

तेराव्यानंतर उरलेल्या गोळ्या परत द्यायला मी आणि वैनी ओपीडीत गेलो. मॉर्फिन घरात ठेवायचं नसतं. सिस्टरांनी पट्ट्या मोजल्या, नोंद केली, सही घेतली. पासबुक वैनीनं दाखवायला आणलं होतं, ते मात्र तिनं परत पिशवीत ठेवलं. मग सिस्टरांनी खुर्ची ओढली आणि वैनीला विचारलं, "तुमची कंबर कशी आहे? झोप लागते का?" वैनी अर्धा तास बोलत होती. चार महिन्यांत तिला हे कुणीच विचारलं नव्हतं, मीही नाही.

बोलून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "तुम्हा दोघींची तपासणी झालीय का कधी? गर्भाशयाच्या तोंडाची?" आम्ही एकमेकींकडं बघितलं. त्यांनी वरच्या मजल्यावर फोन केला. व्हिनेगरसारखं पातळ औषध लावून बघतात, पाच मिनिटांचं काम. आधी मी आत गेले. वैनी बाहेर बाकावर बसून राहिली, एका हातात माझी पर्स, दुसरा हात गळ्यातल्या बोरमाळेवर. मी बाहेर आले आणि तिला म्हटलं, "काही दुखत नाही. जा."

ती उठली, माळ पदराखाली सारली आणि आत गेली.